झोपेचा रोजनामा

आवणी उरकली की आमच्या महाड-पोलादपूर भागात झोपेचा एक आठवडा येतो. पंधरा-वीस दिवस पाण्यात वाकून भाताची रोपं लावलेली माणसं त्या आठवड्यात दुपारी जेवतात आणि हात धुऊन जागा मिळेल तिथे आडवी होतात. ओटीवर, पडवीत, गोठ्याच्या कडेला. पायांच्या बोटांत चिखल्या झालेल्या, तळवे पांढरेफटक, तोंड उघडं. बाहेर पाऊस चालूच असतो, खाचरं तुडुंब असतात आणि भर दुपारी तीन वाजता अख्ख्या वाडीत बोलणारं माणूस सापडत नाही. लहानपणी मला त्या झोपेची भीती वाटायची. मी एकेकाच्या नाकाखाली बोट धरून बघत फिरायचे.

यंदाही तो आठवडा आलाय. परवा नाते गावाहून परत येताना रिक्षातून एका घराच्या ओटीवर एक बाई पालथी झोपलेली दिसली. तिचा एक हात ओटीखाली लोंबत होता. पागोळ्यांचं पाणी त्या हातावर पडत होतं आणि तिला पत्ता नव्हता. रिक्षा पुढे गेली, पण मी वळून त्या हाताकडे बघत राहिले. तीन वर्षांपूर्वी, अशाच आठवड्यात, स्नेहल माझ्याकडे झोपायला आली होती.

स्नेहल माझ्या थोरल्या बहिणीची मुलगी. त्यांचं गाव पोलादपूरच्या वर, डोंगरात. बारावी झाल्यावर ती श्रीवर्धनकडे समुद्रकाठच्या एका लॉजवर कामाला लागली. तिथे सर्फिंग शिकवणाऱ्या एका मॅडमनी तिला पोहताना पाहिलं आणि दोन वर्षांत ही डोंगरातली मुलगी कर्नाटकच्या किनाऱ्यावर लाटांवर उभी राहून स्पर्धा खेळायला लागली. घरात हे कुणाला नीट उमगलं नाही. तिचे वडील, म्हणजे माझे भावोजी, त्याला ‘फळीवरचा खेळ’ म्हणायचे, आणि तो विषय निघाला की उठून गोठ्यात जायचे.

मी महाडच्या कोर्टात लघुलेखिका होते. सगळी नोकरी माणसांचे जबाब उतरवून घेण्यात गेली. लग्न केलं नाही. आता बाजारपेठेमागच्या एका इमारतीत दुसऱ्या मजल्यावर एकटी राहते. तळमजल्यावर कुणी राहत नाही. पुराचं पाणी जिथवर चढलं होतं तिथली रेघ रंगाचे तीन हात देऊनही जिन्यात दिसते.

वीर स्टेशनावरून रिक्षा करून ती आली तेव्हा पाठीवर एकच सॅक होती. खांदे पुरुषासारखे रुंद झालेले, केस मिठाने भुरे, आणि डोळ्यांखाली काळी वर्तुळं. दारातच म्हणाली, “मावशी, मला फक्त झोपायचंय.”

खेळाडूंच्या झोपेबद्दल मी तोवर कधी विचारच केला नव्हता. दमणारा माणूस गाढ झोपत असेल, एवढीच माझी समजूत. स्नेहलने सांगितलं तेव्हा कळलं की त्यांच्या खेळात झोपेचे तुकडे होतात. वारा उठायच्या आत पाण्यात उतरायचं म्हणून पहाटे साडेचारला उठायचं. रात्री फोनवर उद्याच्या लाटांचा अंदाज बघत बसायचं. एका खोलीत सहा जणी. आणि डोळे मिटले की खाट हलायला लागते, कारण दिवसभर पाण्यावर तरंगलेलं अंग जमिनीवर यायला तयार नसतं. स्पर्धेच्या आधी तर कुणाचाच डोळा लागत नाही. हे सगळ्यांचंच. पण स्नेहलचं काहीतरी निराळं झालं होतं. मे महिन्यापासून ती आठ-आठ तास झोपत होती आणि न झोपल्यासारखी उठत होती. फळीवर उभं राहताना तिला क्षणभर उशीर व्हायला लागला. त्या खेळात तेवढा क्षण पुरतो. मॅडमनी तिचं सहा आठवडे पाण्यात उतरणं बंद केलं, मनगटाला झोप मोजणारा पट्टा बांधला आणि रोज भरायचा एक तक्ता दिला.

तक्त्यात शेवटचा रकाना होता: झोपेत कुणी पाहिलं असल्यास काय दिसलं. तो रकाना मी मागून घेतला. कोर्टात प्रकरणात त्या त्या दिवशी काय झालं ते लिहून ठेवतात, त्याला रोजनामा म्हणतात. मी दोनशे पानी वही आणली आणि पहिल्या पानावर लिहिलं, ‘स्नेहलच्या झोपेचा रोजनामा’. ती खूप हसली. त्या मुक्कामातलं तिचं तेवढंच हसणं मला आठवतं.

ती पालथी झोपायची. हनुवटी उशीवर, हात पलंगाच्या दोन्ही बाजूंना खाली सोडलेले. दुपारच्या जेवणानंतर ती आडवी व्हायची आणि मी खिडकीपाशी खुर्ची घेऊन बसायचे. पावसाळी दुपारचा तो राखाडी उजेड, ना सकाळचा ना संध्याकाळचा. थोड्या वेळाने तिचे हात हलायला लागायचे. आधी एक, मग दुसरा, फळीवर पडून पाणी मागे सारावं तसे. बोटं फरशीला लागायची आणि नखांचा बारीक आवाज यायचा. मग हात थांबायचे. मग श्वास थांबायचा.

मी घड्याळ धरून मोजायचे. वीस. पंचवीस. एकदा अडतीस. तिच्या चेहऱ्यावर कसला त्रास दिसायचा नाही. जागेपणी तिचा इतका निवांत चेहरा मी कधी पाहिला नव्हता. मग एक लांबलचक श्वास आत ओढला जायचा, ती ताडकन उठून बसायची, डोळे सताड उघडे, आणि म्हणायची, “आलेच.”

माझ्याकडे बघून नाही. माझ्या डाव्या खांद्यामागे भिंत होती, तिकडे बघून. आवाज अगदी रोजचा. शेजारणीने खालून हाक मारावी आणि आपण ओ द्यावी तसा. आणि लगेच पुन्हा पालथी. उठल्यावर तिला काही आठवायचं नाही. चहा पिता पिता ती फोनवर पट्ट्याने काढलेला आलेख मला दाखवायची. नेमक्या त्या मिनिटांना पट्टा म्हणत होता, गाढ झोप. अख्ख्या दिवसातली सगळ्यात चांगली झोप.

डॉक्टरांना दाखवलं. छाती उत्तम, हृदय उत्तम, नाडी संथ, खेळाडूची. “हवाबदल होऊ द्या,” म्हणाले.

महाडात पावसाळ्यात घरोघरी भरतीच्या वेळा माहीत असतात. समुद्र इथून लांब, पण खाडीचं पाणी भरतीला दासगावपर्यंत चढतं. त्याच वेळी वरून डोंगराचं पाणी आलं तर सावित्रीला उतरायला वाट राहत नाही आणि ती बाजारात शिरते. म्हणून माझ्याही भिंतीवर वेळापत्रक चिकटवलेलं होतं. साधारण बाराव्या दिवशी मी वही पुढ्यात घेऊन भाजी निवडत बसले होते. सहज मागची पानं चाळली. सोमवारी एक वाजून दहा मिनिटांनी ती “आलेच” म्हणाली होती. मंगळवारी दोनला पाच कमी. बुधवारी पावणेतीन. रोज पाऊण तास, कधी थोडं जास्त, पुढे. पुढच्या दिवसांत ते चार-पाचवर जाऊन दुपारच्या झोपेतून निसटलं होतं आणि पहाटेच्या झोपेत सापडत होतं.

मी वही घेऊन भिंतीपाशी गेले. बोट फिरवत एकेक वेळ ताडून पाहिली. मग भाजी तशीच टाकून मी गॅलरीत जाऊन उभी राहिले, कारण तिच्याबरोबर एका खोलीत बसवेना.

दोन दिवस जुळत नव्हते. तेही मी वहीत लिहिलं. जुळत नाही तेही लिहायचं, ही कोर्टाची सवय. स्नेहलला बोलले नाही. वेळापत्रक मात्र काढून कपाटात ठेवलं. तिच्या नजरेला पडत असेल, मनात बसत असेल, असं स्वतःला समजावलं. त्यानंतरही वेळा तशाच सरकत राहिल्या.

भावोजी आले ते चौथ्या आठवड्यात. शेतातली कामं आटोपून, काकड्यांची पिशवी आणि तांदळाचं पीठ घेऊन सकाळच्या एसटीने उतरले. ताई गुरांपाशी घरी राहिली होती. मुलीला भेटून दुपारी परत जायचं, असं त्यांचं ठरलेलं. पण अकराच्या सुमाराला पोलादपूरकडे दरड आल्याची बातमी आली आणि बाराला नगरपालिकेचा भोंगा वाजला. खालच्या गल्लीतली माणसं स्कूटर ढकलत चढावाकडे निघाली. दुकानदार माल माळ्यावर चढवत होते. भावोजी गॅलरीत उभे राहून ते सगळं बघत होते. ते आल्यापासून मुलीशी चार वाक्यं बोलले असतील.

जेवून स्नेहल आडवी झाली. त्या दिवशी अडीचला भरती होती. कपाट न उघडताही मला माहीत होतं.

दोनच्या पुढे तिचे हात सुरू झाले. भावोजी दारात येऊन उभे राहिले. फरशीवर नखं वाजत होती.

“रोज असं करते काय ही?” त्यांनी हळूच विचारलं.

“रोज. उठवायचं नाही म्हणून सांगितलंय तिच्या मॅडमनी.”

हात थांबले. श्वास थांबला. मी घड्याळाकडे पाहिलं. खाली तळमजल्यात पाणी शिरलं होतं. जिन्यातून त्याचा आवाज वर येत होता, शटरवर सपक सपक आपटल्याचा. तीस झाले. चाळीस झाले. तिच्या ओठांच्या कडांना हसू आलं, आणि त्या ओठांचा रंग मला ठीक दिसेना. पन्नासपर्यंत मी मोजलं. पुढे मोजवलं नाही.

भावोजींनी मला बाजूला सारलं, एक गुडघा पलंगावर टेकवला, तिच्या काखांत हात घातले आणि विहिरीतून काही ओढावं तसं तिला वर खेचलं.

तिने श्वास घेतला. मग डोळे उघडले आणि बापाच्या छातीवर दोन्ही मुठी मारल्या. “कशाला काढलंत मला? मी झोपले होते ना!”

तो आवाज चोवीस वर्षांच्या मुलीचा नव्हता. झोपमोड झालेल्या पोरीचा होता. भावोजींनी तिला सोडलं आणि ते भिंतीला पाठ लावून खाली बसले. 

“हेच,” ते म्हणाले. “हेच बोलली होती.”

“कधी?” मी विचारलं.

“चार वर्षांची होती. तुझ्या बहिणीला पण ठाव नाय, कुंदा. डोहावर बैल धुवाय गेलो होतो, हिला काठावर बसवली. वळून बघतो तर नाय. पाण्यात हात घातला तर केस लागले हाताला. वर काढली, वाटलं गेली. तर हसत होती. आणि मग माझ्यावर चिडली. कशाला काढलं, मी झोपले होते.” त्यांनी पलंगाकडे पाहिलं. “मी तिला सांगितलं, कुणाला बोलू नको. मी पण नाय बोललो. त्या दिवसापासून मला हिचं पाणी बघवत नाय.”

स्नेहल आता पूर्ण जागी झाली होती. पांघरूण छातीशी धरून ती बापाकडे बघत होती. “मला हे काहीच आठवत नाही,” ती म्हणाली. मग पांघरूण बाजूला सारून म्हणाली, “पण मे महिन्यातलं आठवतं.”

आणि तिने सांगितलं. सरावात एका मोठ्या लाटेने तिला फळीवरून खाली घातलं. वर येईपर्यंत दुसरी लाट डोक्यावर बसली. पायाला बांधलेली दोरी फळीला ओढत होती आणि वर कुठे, खाली कुठे, कळत नव्हतं. “घाबरले आधी. छाती फुटायला आली. आणि मग मावशी, सगळं थांबलं. मला झोप लागली. खरी झोप. इतकी छान झोप मला कधीच लागली नव्हती. कुणीतरी फळीला धरून मला ओढून काढलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी रडत होते. त्यांना वाटलं, वाचले म्हणून रडतेय.”

खाली पाणी आपटत होतं.

“आता कुठेही झोपले तरी मला तीच झोप हवी असते,” ती म्हणाली. “मला बुडायची भीती वाटत नाही. पुढच्या वेळी मी वर यायचा प्रयत्न करीन का, तेच माहीत नाही.” मग तिचं लक्ष माझ्या मांडीवरच्या वहीकडे गेलं. “मावशी, हे लिहू नको. सप्टेंबरात निवड आहे. मॅडमनी वाचलं तर मला घेणार नाहीत.”

कोर्टात कितीतरी साक्षीदार मधेच म्हणायचे, हे लिहू नका. तेव्हा माझी बोटं थांबायची आणि मी न्यायाधीशांकडे बघायचे. लिहायचं की नाही हे ते ठरवायचे. त्या दुपारी मी सवयीने मान वर केली. समोर माझ्या बहिणीची मुलगी होती आणि भिंतीशी बसलेला तिचा बाप.

मी लिहिलं. तिचे शब्द जसेच्या तसे. ती आधी ओरडली, मग गयावया केली, मग भिंतीकडे तोंड करून बसली. लिहून झाल्यावर मी जबाब वाचून दाखवतात तसं सगळं मोठ्याने वाचलं. “बरोबर आहे का?” मी विचारलं. मी वही तिच्यापुढे धरून तशीच उभी राहिले. पाणी ओसरायला लागलं असावं, खालचा आवाज मंदावला होता. शेवटी तिने पेन घेतलं आणि सही केली. भावोजी उठले, कुणी न सांगता त्यांनीही तिच्या सहीखाली आपलं नाव लिहिलं, शाळेत लिहायचे तसं, एकेक अक्षर सुटं.

संध्याकाळी नेटवर्क आलं तेव्हा मी त्या पानाचा फोटो मॅडमना पाठवला. त्यांचा लगेच फोन आला. ते पान त्यांनी माझ्याकडून पुन्हा एकदा वाचून घेतलं. मग म्हणाल्या, “त्या दिवशी तिला ओढून काढणारी मीच होते. तिचा चेहरा मी पाहिला होता. विचारायला हवं होतं.”

निवड गेली. वर्षभर पाणी बंद झालं. मुंबईत झोपेचे विकार बघणाऱ्या एका डॉक्टरीणबाईंकडे तिचे उपचार सुरू झाले. गणपतीला चाकरमान्यांनी गाड्या भरून येत होत्या तेव्हा ती उलट दिशेने मुंबईला गेली. जाताना माझ्या पाया पडली, पण बोलली नाही. पुढे आठ महिने बोलली नाही.

ते आठ महिने माझ्या अंगावर आले. तिचा पलंग मी उचलून ठेवला नाही. दुपारी खिडकीपाशी बसलं की फरशीवर नखं वाजल्यासारखं वाटायचं. उंदीर असेल म्हणून पिंजरा लावला. उंदीर सापडला नाही. मी चुकले का, हा प्रश्न मला छळायचा, आणि त्याहून वाईट म्हणजे एकेका दुपारी माझा मलाच श्वास रोखलेला सापडायचा. वेळ मात्र मी मुद्दाम बघितली नाही.

मग पुढच्या उन्हाळ्यात तिचा फोन आला. काही झालंच नाही अशा आवाजात म्हणाली, “मावशी, मी उताणी झोपते आता.” डॉक्टरीणबाईंनी तिला श्वास सोडायला नव्याने शिकवलं होतं. त्या दुपारबद्दल आणि डोहाबद्दल तिच्याकडून पुन्हा पुन्हा बोलून घेतलं होतं. झोपेत थांबणारा श्वास हळूहळू थांबेनासा झाला. पावसाळा सरला की मॅडम तिला पाण्यात घ्यायला तयार होत्या, पण पहिले काही दिवस काठावर घरचं कुणीतरी उभं पाहिजे, ही त्यांची अट. मी निघायची तयारी केली. ताईचा फोन आला, “हे पण येतायत म्हणे.” माझा विश्वास बसेना.

त्याच वर्षी नोव्हेंबरात आम्ही दोघं तिच्या सरावाच्या किनाऱ्यावर गेलो. सकाळचे आठ वाजले होते. भावोजींनी पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि पाण्यात जाऊन उभे राहिले. त्यांनी एवढं पाणी जवळून पाहिलं नव्हतं. लाट पायाखालची वाळू ओढून न्यायची, ते एक पाऊल मागे यायचे आणि पुन्हा पुढे व्हायचे. स्नेहल लांब, काळ्या ठिपक्याएवढी. ती उठली, उभी राहिली, लाटेच्या पोटातून आडवी सरकत गेली. मला ते सुंदर वाटलं आणि ते वाटल्याची भीतीही वाटली. मग लाट फुटली आणि फळी एकटीच वर आली.

“स्नेहल!” भावोजी ओरडले. आमच्याकडे डोंगरातल्या एका माळावरून समोरच्या माळावर हाक देतात, तशी हाक. “ए स्नेहल! वर ये गो! वर ये!” पोहायला आलेली माणसं वळून बघायला लागली. कुणी हसलंही. ते ओरडतच राहिले, कमरेएवढ्या पाण्यात शिरून, आवाज फाटेपर्यंत. फेसात तिचं डोकं दिसलं तेव्हाही त्यांना थांबायचं सुचलं नाही.

ती फळी काखेत मारून काठावर आली. धापा टाकत होती. भावोजींनी तिचं मनगट घट्ट धरलं. “खाली ऐकू येतं काय गो?”

“काही म्हणजे काही ऐकू येत नाही, बाबा.”

त्यांनी तिच्या तोंडाकडे नीट पाहिलं. “झोप आली काय?”

तिने खोटं सांगितलं नाही. “आली होती,” ती म्हणाली. मग केस पिळत म्हणाली, “पण तुम्ही वर ओरडत असणार हे माहीत होतं मला. एवढ्या आरडाओरड्यात कोण झोपेल?”